सुभेदार काय म्हणतात

शनवारा, बुऱ्हाणपूर
११ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा नवरा मला तुझ्या सासऱ्यांशी, लीलाधर महाजन सरांशी, फोनवर बोलू देत नाही, म्हणून हे पत्र लिहिणे भाग पडले. दसऱ्यानंतर सरांना लकवा झाला आणि भूपेंद्र त्यांना इंदूरला घेऊन गेला, हे मला शाळेच्या शिपायाच्या सुनेकडून कळले. पहिला फोन सोडला, तर तेव्हापासून मी फोन केला की "पप्पा झोपलेत" किंवा "पप्पा अंघोळीला गेलेत" असे उत्तर मिळते. उजवे अंग गेलेला माणूस दिवसातून इतक्या वेळा अंघोळ करत नाही.

तू मला एकदाच पाहिले आहेस, तुझ्या लग्नात. मी तांदूळ टाकून, पाकीट देऊन लगेच निघाले होते. सर आणि मी एकाच हायस्कूलमध्ये नोकरी केली. ते भूगोल शिकवत, मी गणित. निवृत्तीनंतरही दर गुरुवारी ते तापीच्या राजघाटावरून फिरून येताना माझ्याकडे चहाला थांबत. सरांच्या मालतीवहिनी होत्या तेव्हा त्याही येत. आता गुरुवारी मी एकच कप मांडते, पण ते असो.

मला इतकेच कळव. सर बोलतात का? जेवतात का? आणि त्यांना काय झाले आहे, हे त्यांना कोणी नीट सांगितले आहे का?

पत्राचे उत्तर पत्राने दे. माझ्या मोबाईलला बटणे आहेत आणि तो तसाच राहणार आहे.

प्रतिभा भंगाळे


इंदूर
१९ नोव्हेंबर २०२४

आदरणीय मॅडम,
सा. न.

छुट्टीच्या अर्जानंतर हे माझं पहिलंच पत्र, चुकांबद्दल आधीच सॉरी. खंडव्याला माझी सगळी शाळा हिंदीत झाली, मराठी फक्त घरातली. तुमचं पत्र वाचून मला शाळेत उभं केल्यासारखं वाटलं. अंघोळीचं खोटं मी बोलले होते, भूपेंद्र नाही.

आता खरं लिहिते. पप्पा जेवतात, डाव्या हाताने. बोलतात पण. तोच प्रॉब्लेम आहे, मॅडम. साधं काही बोलता येत नाही. पाणी म्हणता येत नाही, भूपेंद्रचं नाव येत नाही, तोंड उघडतात, "त... त..." करतात आणि डोळ्यांत पाणी येतं. आणि मग एकदम मोठ्या आवाजात असं काही बोलतात की आम्ही घाबरून जातो. दुपारी मी टीव्ही लावला तर ओरडले, "मशाली विझवा! आता आम्हांला कुणाचे चेहरे पाहायचे नाहीत!" पाण्याचा ग्लास दिला की म्हणतात, "या रांजणात पाणी आहे की दगलबाजी?" भूपेंद्र डॉक्टरांशी फोनवर बोलत होता तर त्याला म्हणाले, "कैद्यालाही आपला गुन्हा ऐकण्याचा हक्क असतो." स्वतःच्या मुलाला! वरच्या मजल्यावरच्या शर्मा आंटी विचारतात, "अंकलजी दिनभर किसको डाँटते हैं?" मी काय सांगू?

डॉक्टर म्हणाले, दिमागवर असर झाला आहे. त्यांनी शांत राहायच्या गोळ्या दिल्या. पप्पा गोळ्या थुंकतात, म्हणून मी बारीक करून पाण्यात देते. उज्जैन रोडला एक केंद्र आहे, तिथे असे पेशंट ठेवतात. भूपेंद्र जाऊन बघून आला. जागा नव्या वर्षात मिळेल. मी लॅबमध्ये अर्धा दिवस असते, तेवढा वेळ एक बाई ठेवली होती, ती घाबरून पळाली.

तुमचा फोन का देत नाही तेही सांगते. पहिल्या वेळी मी स्पीकरवर लावला होता, आठवतं? तुम्ही "सर, प्रतिभा बोलते" म्हणालात. फोन ठेवल्यावर पप्पा संध्याकाळपर्यंत ओरडत होते. भूपेंद्र म्हणाला, आता बस.

तुम्हाला वाईट वाटेल, पण तुम्ही विचारलं म्हणून लिहिलं.

तुमची,
सायली


बुऱ्हाणपूर
२३ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सायली हिस,
आशीर्वाद.

पत्र मिळाले. खरे लिहिलेस, हे बरे केलेस. आता मी सांगते ते भूपेंद्रला बसवून वाचून दाखव.

सरांना वेड लागलेले नाही. ते नाटक बोलत आहेत.

आमच्या हायस्कुलातल्या शिक्षकांचे एक नाट्यमंडळ होते, हे भूपेंद्रला माहीत आहे. पण लहानपणी तो पहिल्या अंकातच मालतीवहिनींच्या मांडीवर झोपून जाई, त्यामुळे त्याला नाटक माहीत नाही. चित्रकलेचे कडू चौधरी सर फोपनारहून सायकलने येत. त्यांनी "सुभेदार आणि नावाडी" हे नाटक लिहिले. बुऱ्हाणपूरचा एक सुभेदार शत्रूपासून पळताना तापीच्या पुरात अडकतो आणि एका नावाड्याच्या झोपडीत त्याला दिवस काढावे लागतात, एवढीच गोष्ट. ते छापले गेले नाही, दुसऱ्या गावी कधी झाले नाही. पण गणपती उठले की येणाऱ्या शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये त्याचा प्रयोग ठरलेला. नावाडी म्हणजे पी.टी.चे सर. लीलाधर सर दरवर्षी सुभेदार. निंबोल्याहून लोक ट्रॅक्टर भरून येत. केळीचे व्यापारी, ज्यांना मराठी धड येत नसे, तेही येत. दिवसभर वर्गात नकाशे टांगणारा माणूस पटका बांधून उभा राहिला की पुढच्या रांगेतली पोरे खरोखर मागे सरकत.

मी प्रॉम्प्टर होते. विंगेत बसून, नट अडला की त्याचा शब्द त्याला हळूच द्यायचा, हे माझे काम. कडू सर म्हणत, "गणिताच्या बाईंना द्या, त्या एक अक्षर इकडचे तिकडे होऊ देणार नाहीत." त्यामुळे ते नाटक मला पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत येते.

आता बघ. "मशाली विझवा" हे पहिल्या अंकात, सुभेदार जखमी होऊन येतो तेव्हाचे आहे. सरांच्या डोळ्यांना उजेड सहन होत नसणार. पडदा ओढ, टीव्ही बंद कर.

"या रांजणात पाणी आहे की दगलबाजी" हे दुसऱ्या अंकातले. नावाड्याने पाण्यात काही मिसळले आहे असा सुभेदाराला संशय येतो. तू लिहितेस, तू पाण्यात गोळी मिसळतेस. आणखी काही सांगायला हवे का?

"कैद्यालाही आपला गुन्हा ऐकण्याचा हक्क असतो." मी तुला पहिल्याच पत्रात विचारले होते, त्यांना काय झाले हे कोणी सांगितले आहे का. त्याचे उत्तर तू दिले नाहीस. त्यांनीच दिले.

त्यांचे रोजचे शब्द हरवले आहेत. जे घोकून घोकून आत बसले, तेवढे राहिले. एखाद्याच्या घराला आग लागावी आणि हाताला सुभेदाराचा पटका तेवढा लागावा, तर तो पटका गुंडाळूनच बाहेर येईल. लोकांनी त्याला वेडा म्हणू नये.

पाण्यातून औषध देणे आजपासून बंद. गोळी तळहातावर ठेव, कशाची आहे ते सांग आणि मग दे. भूपेंद्रने समोर बसून त्यांना लकवा कसा झाला, कोणती बाजू गेली, काय परत येईल, काय येणार नाही, हे सगळे सांगावे. ते रडतील. रडू द्यावे.

प्रतिभा भंगाळे


इंदूर
२ डिसेंबर २०२४

आदरणीय मॅडम,
सा. न.

पत्र वाचून भूपेंद्र आधी चिडला. "बुऱ्हाणपूरला बसून डॉक्टरी करतात!" म्हणाला. मी म्हटलं, पडदा ओढायला काय जातं? पडदा ओढला. पप्पा एकदम गप्प झाले आणि माझ्याकडे बघून मान हलवली. 

मग गोळी हातावर ठेवली आणि सांगितलं, पप्पा, ही बीपीची, ही झोपेची. बीपीची घेतली. झोपेची उचलून ताटाखाली ठेवली. चार दिवस झाले, ती आम्ही दिलीच नाही आणि ते ओरडलेही नाहीत.

सांगायचं काम भूपेंद्रने रविवारी केलं. मी दाराशी उभी होते. तो फाइल घेऊन बसला, जसं ऑफिसात बसतो, आणि एक एक करून सांगत गेला. मधेच त्याचाच आवाज गेला. पप्पांनी डाव्या हाताने फाइल मिटवली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दोघंही रडले. मी शेवटी चहाच ठेवला, दुसरं काय करणार.

हसायची पण एक गोष्ट आहे. व्यायाम घ्यायला पंकज म्हणून मुलगा येतो, तब्येतीने जरा जास्तच आहे. तो आला की पप्पा म्हणतात, "हत्ती दारात बांधा, आत आणू नका." आधी मला वाटायचं भ्रम होतो. आता कळलं! पंकजला सांगितलं तर तो म्हणे, "दादा, हाथी तो रोज़ आएगा."

पण मॅडम, केंद्राचं अजून तसंच आहे. भूपेंद्र म्हणतो, मी मानतो, पण डॉक्टर कसा मानेल? मराठी नाटक, ते पण न छापलेलं. डॉक्टरला वाटेल घरचेच पागल आहेत. मोठ्या डॉक्टरांची वेळ वीस तारखेची मिळाली आहे. ते बघून सांगणार की पप्पा काही समजतात की नाही. नाही म्हणाले तर एक जानेवारीला केंद्र. तिथे कोणाला नाटक माहीत असणार? तिथे तर ते बोलतील आणि लोक सुई देतील.

तुम्ही याल का? तुम्ही समोर असाल तर डॉक्टर ऐकेल. भूपेंद्र गाडी पाठवेल, त्याने स्वतः सांगितलं.

तुमची,
सायली


बुऱ्हाणपूर
७ डिसेंबर २०२४

चि. सौ. सायली हिस,
आशीर्वाद.

मी येणार नाही. गुडघ्यांचे निमित्त सांगता आले असते, पण ते खरे कारण नव्हे. डॉक्टरांना मी बोललेले नाही, सर बोललेले ऐकायचे आहे. प्रॉम्प्टर रंगमंचावर आला की नटाची अब्रू जाते.

माझे काम तू करायचे आहेस. कसे ते सांगते.

तुमच्या घरात सगळ्यांची एक चूक होत असणार. ते "त... त..." करू लागले की कोणीतरी म्हणत असेल, "ताट हवंय? तांब्या? तेल?" प्रेमानेच म्हणत असाल. पण अख्खा शब्द देणारा प्रॉम्प्टर कुचकामी. त्याने नट मुका होतो. फक्त पहिले अक्षर द्यायचे आणि थांबायचे. थांबणे सर्वांत कठीण. तुला वाटेल, युग गेले. प्रेक्षकांना तसे वाटत नाही. अक्षर हळू द्यावे, त्यांच्या कानाच्या बाजूने, तोंडाकडे टक लावून नाही. नवीन बाई स्टाफवर आल्या की मी त्यांना सांगत असे, माणूस अडला आहे तेव्हा त्याच्या तोंडाकडे पाहू नये, त्याच्या हातांकडे पाहावे. अडलेल्याचे हात आधी थांबतात, जो मुद्दाम थांबला आहे त्याचे हात चालू असतात.

रोज एकच शब्द घे. "च" दे, चहा समोर ठेव, आणि थांब.

डॉक्टरांपुढे सरांना एखादा खरा प्रश्न विचारायचा, ज्याच्या उत्तराशी त्यांचा संबंध आहे. आज वार कोणता, असले नको. वार मलाही हल्ली आठवत नाहीत, विचारणारे कोणी नसते. प्रश्न विचार आणि भूपेंद्रला गप्प बसव. ते नाटकातली जी ओळ बोलतील ती नीट ऐकून डॉक्टरांना हिंदीत सांग. सोबत मी सुभेदाराच्या सगळ्या ओळी लिहून पाठवते आहे, अंकाप्रमाणे. पाठ कर. अवघड नाही, आमच्या शिपायालाही पाठ होत्या.

केंद्राबद्दल मला काय वाटते ते लिहीत नाही. तुझ्यावर दडपण येईल.

प्रतिभा भंगाळे


इंदूर
२३ डिसेंबर २०२४

मॅडम!

सा. न. राहिलंच, आता घ्या.

पप्पा केंद्रात जाणार नाहीत. आधी हे लिहून टाकते, म्हणजे तुम्ही पत्र उभ्यानेच वाचत असाल तर बसा.

डॉक्टरांनी आधी पेन दाखवलं, घड्याळ दाखवलं, "ये क्या है दादा?" पप्पा त... त... आणि मान खाली. डॉक्टर लिहायला लागले. मी म्हटलं, सर, एक सवाल मैं पूछूँ? भूपेंद्रचा हात मी टेबलाखाली घट्ट धरून ठेवला होता. मी पप्पांच्या कानाच्या बाजूला वाकून विचारलं, "पप्पा, तुम्हाला केंद्रात ठेवायचं चाललंय. तुमचं काय म्हणणं?"

ते थांबले. तुम्ही लिहिलं तसंच, मॅडम, युग गेलं. मी हातांकडे बघत होते. डाव्या हाताची बोटं चालू होती. म्हणून मी काही दिलं नाही. मग ते खुर्चीत सरळ झाले आणि त्या आवाजात म्हणाले, "आम्ही वेढ्यात आहोत. शरण आलेलो नाही."

बाहेरचा कंपाउंडर आत डोकावला! डॉक्टर म्हणाले, "क्या बोले?" मी हिंदीत सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी स्वतः दोन-तीन गोष्टी विचारल्या, मी मराठीत करून सांगितल्या आणि प्रत्येकाला पप्पांनी ओळ दिली. शेवटी डॉक्टर भूपेंद्रला म्हणाले, "ये सब समझते हैं। दवाई किसने शुरू की थी?" बोलायला शिकवणाऱ्या एका मॅडमचं नाव दिलं. त्या आठवड्यातून दोनदा येणार.

आणि परवा मी भूपेंद्रला समोर उभं केलं, "भू" दिलं आणि थांबले. पप्पा म्हणाले, "भूपेंद्र." भूपेंद्र गॅलरीत निघून गेला, बराच वेळ आलाच नाही. चहा तर आता रोज म्हणतात.

एक विचारायचं होतं. तुमची पत्रं मी पप्पांना मोठ्याने वाचून दाखवते, पहिल्यापासून. पत्र संपून तुमचं नाव आलं की ते दर वेळी एक ओळ बोलतात. तुम्ही पाठवलेल्या कागदांत ती नाही, मी तीनदा बघितलं. "अंधारात काठ दिसत नाही. तुझा आवाज येतो, तेवढाच काठ." अगदी स्वच्छ बोलतात, कुठे अडखळत नाहीत. त्यांना काय हवं असतं? मी लाइट लावून बघितला, तर नको म्हणून मान हलवली.

तुमची,
सायली


बुऱ्हाणपूर
२४ जानेवारी २०२५

चि. सौ. सायली हिस,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. कारण काही नाही.

केंद्राचे रद्द झाले, चांगले झाले. तू काम उत्तम केलेस. हे मी सहसा कोणाला लिहीत नाही.

ती ओळ तिसऱ्या अंकातली आहे. सुभेदाराची शेवटची. पूर असतो, रात्र असते, नावाडी त्याला नावेतून पलीकडे नेत असतो. तुला पाठवलेल्या कागदांत मी ती लिहिली नाही, कारण ती सरांना कधीच पाठ झाली नाही. एवढे मोठे नाटक धडाधडा म्हणणारा माणूस दरवर्षी त्याच जागी अडत असे. थांबत, विंगेकडे मान वळवत, नुसत्या अक्षराने भागत नसे, मी आतून "तुझा आवाज" म्हटले की पुढचे म्हणत. स्टाफरूममध्ये त्याची थट्टा होई. कडू सर म्हणत, "महाजनांना सगळी पृथ्वी पाठ आहे, फक्त काठ सापडत नाही." मालतीवहिनीही हसत. मी त्यांना तालमीत त्या ओळीसाठी पुन्हा पुन्हा उभे करत असे, रागावतही असे.

ते ती आता का म्हणतात, मला सांगता येत नाही. तू दिवा लावू नकोस.

माझी पत्रे यापुढे त्यांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस. ती तुला लिहिलेली आहेत.

प्रतिभा भंगाळे


इंदूर
३० जानेवारी २०२५

आदरणीय मॅडम,
सा. न.

महिनाभर तुमचं पत्र नाही. पोस्टमनचा आवाज आला की पप्पा दाराकडे बघायचे. तुम्ही वाचू नको म्हणालात, म्हणून हे पत्र नाही वाचलं. पण पाकीट त्यांनी ओळखलं. हातात घेऊन बसले.

मी लहान तोंडी मोठा घास घेते आहे, रागावा. बोलायला शिकवणाऱ्या मॅडम म्हणतात, आता नवीन काही पाठ होणं फार कठीण आहे, जे आधीपासून पक्कं होतं तेच निघतं. पप्पांना मालती आईंचं नाव घ्यायलासुद्धा "मा" द्यावं लागतं. ती ओळ मात्र कोणी न देता येते. मग मॅडम, ती पाठ नव्हती कशी? ती तर सगळ्यात पक्की होती.

मी कोणाला बोलले नाही. भूपेंद्रला पण नाही.

आठ तारखेला, शनिवारी, भूपेंद्र पप्पांच्या घराचा वीजमीटर बघायला बुऱ्हाणपूरला येतो आहे. परतीला तुम्हाला घेऊन येईल. थर्मास भरून ठेवा आणि शाल घ्या, इंदूरला थंडी आहे. नाही म्हणायचं असेल तर समोर येऊन म्हणा.

तुमची,
सायली


बुऱ्हाणपूर
११ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

मी सुखरूप पोचले. तुझ्या घरी चार दिवस राहिले, माझ्यासाठी तू भाजीत तिखट कमी घातलेस, ते माझ्या लक्षात आले होते. पुढच्या वेळी कोणासाठीही घालू नकोस, मी तिखट खाते.

निघताना तू विचारलेस, "मॅडम, पहिल्या दिवशी तुम्ही दोघं इतका वेळ खोलीत होता, आवाज कसा नाही? भांडलात का?" भूपेंद्रसमोर मी उत्तर दिले नाही. आता देते.

मी आत गेले तेव्हा सर खुर्चीत होते. मी समोर बसले. आयुष्यभर मी त्यांना विंगेतून पाहिले, म्हणजे एक कान, एक गाल आणि पटक्याचा शेमला. स्टाफरूममध्ये ते खिडकीशी बसत आणि मी वह्या तपासत असे. गुरुवारच्या चहालाही आम्ही रस्त्याकडे तोंड करून बसत होतो. सुभेदार समोरून कसा दिसतो, हे मला त्या दिवशी कळले. त्यांनी ती ओळ म्हटली. पूर्ण. मग माझ्या उत्तराची वाट पाहत राहिले.

नाटकात त्या ओळीला उत्तर नाही, सायली. नावाडी वल्हे मारतो आणि पडदा पडतो. मी आत खूप शोधले. दुसऱ्यांचे सगळे संवाद मला येतात, माझा एकही लिहिलेला नव्हता. मी त्यांची शाल सरळ केली आणि तिथेच बसून राहिले. तेही बसले. म्हणून आवाज आला नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि ही महत्त्वाची. मी यायच्या आधी सर चहा, भूपेंद्र, पाय, बस, असे आपले शब्द बोलू लागले होते. मी आल्यापासून ते एकही बोलले नाहीत. चहा हवा तेव्हा माझ्याकडे पाहून "हे यजमान, प्रवासी तहानलेला आहे" म्हणाले. तुम्ही सगळे हसलात, मीही हसले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या, त्यांनी "पा" दिले, तर सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि थांबून राहिले.  त्या बाईंनी मला काही सांगण्याची गरज नव्हती, मी हे काम त्यांच्याहून जास्त वर्षे केले आहे. प्रॉम्प्टर दिसत राहिला की नट आपले पाठ करत नाही. मी तिथे असेन तोवर ते सुभेदारच राहतील. त्यांना लीलाधर महाजन व्हायचे आहे, मुलाला नावाने हाक मारायची आहे, तुझ्याकडे पाणी मागायचे आहे. म्हणून आठवडाभर राहायचे ठरले असताना मी चौथ्या दिवशीच निघाले. तुझ्या जेवणाचा त्यात दोष नाही.

मी आता येणार नाही. फोनही करणार नाही. तू मात्र लिहीत जा, कोणता नवा शब्द आला ते. माझ्याकडे गुरुवारी वेळ असतो. तसा तो बाकीच्या दिवशीही असतो.

आज भूपेंद्र मला सोडायला आला होता, त्याच्या हाती जे दिले ते इथे लिहून ठेवते, म्हणजे वाटेत काही राहिले तर तुला कळेल.

नाटकाची प्रॉम्प्टिंगची प्रत, एक. कडू सरांच्या अक्षरातली, दोऱ्याने शिवलेली. शेवटची दोन पाने सुटी आहेत, हरवू नयेत.

सुभेदाराचा पटका. शाळेची ट्रंक मोडीत निघाली तेव्हा मी घरी आणला होता. धुतलेला आहे. त्यांना बांधायचा नाही, मागितला तरच हातात द्यावा.

बॅटरी, काचेवर लाल कागद लावलेली. विंगेतला उजेड प्रेक्षकांत जाऊ नये म्हणून. तुला उपयोग नाही, पण ती प्रतीसोबतच राहत आली आहे.

प्रतीच्या समासात माझ्या दोन खुणा आहेत, त्या समजून घे. जिथे फुली आहे, तिथे सर विसरतात, लगेच अक्षर द्यावे. जिथे आडवी रेघ आहे, तिथे ते मुद्दाम थांबतात, काही देऊ नये.

तिसऱ्या अंकात शेवटच्या ओळीपाशी फुली होती. ती मी आज खोडली आहे आणि तिथे रेघ ओढली आहे.

वरील सर्व सुपूर्द.

प्रतिभा भंगाळे